दोन कामांच्या मधे नट लोक जगतात कशावर? (खरं सांगा, मोटिव्हेशन नको)

हवालदार_नं_२

नमस्कार. बरेच महिने नुसता वाचतोय इथं, आज लिहायची वेळ आली.

मी लातूर जिल्ह्यातला, वय २८. कॉलेजला एकांकिका, मग दोन वर्षं राज्य नाट्य, आणि चार वर्षांपूर्वी बॅग घेऊन मुंबई. सध्या मीरा रोडला तिघांत एक वन बीएचके. गेल्या डिसेंबरपासून एका डेली सोपमधे हवालदार करत होतो, कॅरेक्टरला नाव होतं पण स्क्रिप्टवर शेवटपर्यंत 'हवालदार २' च छापून यायचं म्हणून हा आयडी.

जुलैच्या शेवटी ट्रॅक, म्हणजे माझ्या कॅरेक्टरची गोष्ट, संपला. संपला असं कोणी सांगितलं नाही हां, रात्री व्हॉट्सअपवर कॉल टाईम यायचा तो यायचा बंद झाला. आठ दिवस वाट बघून मीच फोन केला तर म्हणे ट्रॅक होल्डवर आहे, परत येऊ शकतो, तू फक्त लुक बदलू नको. त्या लुकमधे माझी जाड मिशी आहे. ती सांभाळत बसलोय. तिच्यामुळं एका बाईकची ॲड गेली, आरामनगरला (अंधेरीत, ऑडिशन चालतात तिथं) दारातूनच, यादी घेऊन बसलेल्या पोरानं मान वर पण नीट केली नाही, "नॉट फिट" म्हणाला आणि पुढचा.

हिशोब सांगतो म्हणजे गैरसमज नको. दिवसाला अडीच हजार, महिन्याला सरासरी ९ दिवस, म्हणजे २२,५००. त्यातून १० टक्के टीडीएस, १० टक्के कोऑर्डिनेटर, हातात १८,०००. तेही ९० दिवसांनी. त्यात भाडं साडेसहा हजार, खाणं, पास, रिक्षा, ऑडिशनला दोन बरे शर्ट. मे, जून, जुलैचे पैसे अजून यायचेत.

गावाकडं वेगळंच चालूय. आई देवळात सांगते पोरगा टीव्हीत असतो. चुलतभावानं परवा गाडीच्या डाऊन पेमेंटला पन्नास हजार मागितले, नाही म्हणलं तर म्हणाला मोठा झालास की बाबा.

तर विचारायचं हे की मधल्या काळात तुम्ही लोक नेमकं करता काय? एका मित्राच्या ओळखीनं मालाडला कॉल सेंटरची नाईट शिफ्ट मिळतेय, २४ हजार, महिन्याच्या महिन्याला. घ्यावी का? की घेतली की संपलो? आणि मिशीचं काय करू. हसू नका.

तिसरी_घंटा

हवालदार, बस. चहा घे. मोठं लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात घाल जी मला कळायला सहा वर्षं लागली. काम सुटतं तेव्हा आपल्याला भूक लागत नाही, तीन महिन्यांनी लागते. आत्ता ऑगस्ट आहे, तुला मे-जून-जुलैचे पैसे ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत टपकत राहणार, त्यामुळे तुला वाटणार चाललंय की बरं, आणि तू निवांत ऑडिशन देत फिरणार. समजा ऑक्टोबरमधे नवीन सिरीयल लागली, तू खूश, पेढे वाटशील, पण तिचा पहिला चेक जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. म्हणजे कामावर असताना नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी तू उपाशी. लोक म्हणतात नट बेकार असताना मरतो, मी म्हणतो तो नवीन काम लागल्यावर मरतो, कारण तेव्हा रोज सेटवर जायला रिक्षाचे पैसे लागतात आणि उसने मागायला तोंड नसतं, सगळ्यांना वाटतं आता तर तुझं चालू आहे.

म्हणून साईडचं काम शोधताना पगार किती हे दुसऱ्या नंबरला. पहिला प्रश्न असा की संध्याकाळी पाचला फोन आला तर उद्या सकाळी सातला मढला किंवा घोडबंदरला उभं राहता येईल का. येत असेल तर काम चांगलं, मग ते काहीही असो. मी गेल्या १९ वर्षांत पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट घरोघर टाकलेत, परीक्षांना सुपरवायझर म्हणून उभा राहिलोय, केटररकडे पंगतीत मठ्ठा वाढलाय, एका बिल्डरच्या सँपल फ्लॅटमधे दर रविवारी "नमस्कार, ही मास्टर बेडरूम" केलंय. मास्टर बेडरूमवाला रोल सगळ्यात जास्त दिवस चालला, दीड वर्ष.

पण ते सोड, आपल्या धंद्यातलंच आपल्याला येतं ते विकावं असं माझं मत. डबिंग ही आपली रोजगार हमी आहे. साऊथचे पिक्चर आता मराठीत पण डब होऊन टीव्हीवर लागतात, कार्टून असतात, जाहिराती असतात. शिरायचं कसं तर क्राउडमधून. म्हणजे बाजार, दंगल, पोलीस स्टेशन, लग्नाचा मांडव, चार-पाच जण माईकसमोर उभे राहून शंभर लोकांचा गलका करतात. तुला "ए चला, गर्दी करू नका" म्हणता येतं ना, आठ महिने तेच केलंयस. क्राउडमधे जो माणूस वेळेवर येतो आणि मागचा डायलॉग ऐकून बरोबर जागी शिरतो त्याला तिसऱ्या-चौथ्या वेळेला दोन ओळीचं कॅरेक्टर देतात. प्रॅक्टिस घरी कर, सीनचा आवाज बंद करून ओठ बघून बोल. हिंदीत जायचं असेल तर च आणि ज वर काम कर, आपला मराठी च-ज हिंदीत लगेच डोकावतो आणि डायरेक्टर काचेपलीकडून हात वर करतो.

ऑडिओबुक पण बघ. २०१७ ला स्टोरीटेल इकडे आलं तेव्हापासून मराठीत हे काम बऱ्यापैकी उभं राहिलंय, माझ्या ओळखीतले अर्धे नाटकवाले कधी ना कधी वाचून आलेत. फक्त लक्षात ठेव, पैसे बहुतेक वेळा तयार झालेल्या ऑडिओच्या तासावर मिळतात, तू स्टुडिओत किती तास घाम गाळलास त्यावर नाही. मी पहिल्या पुस्तकाला न वाचता गेलो, एका तासाच्या ऑडिओला पाच तास लावले आणि घरी येताना हिशोब केला तर मठ्ठा परवडत होता.

आणि नाटक सोडू नको. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, कमी असते मान्य, पण बऱ्याच ठिकाणी प्रयोग संपला की मेकअप रूममधे पाकीट हातात, ९० दिवस नाही. रिप्लेसमेंट म्हणून उभा राहा, दोन-तीन नाटकांतली बारकी कामं पाठ करून ठेव. मी तेच करतो. ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंदला प्रशांत दामल्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला तेव्हा मी वर बाल्कनीत होतो, टाळ्या वाजवता वाजवता १२,५०० ला माझ्या नाईटनं गुणलं. मग वाटलं आपले आत्तापर्यंत किती झाले ते तरी मोजू. चारशे अकरा. तिथंच विषय सोडला.

मिशीचं नंतर सांगतो, बायको जेवायला बोलावतेय.

स्पष्टवक्ता_०७

टॅलेंट असेल तर काम मिळतंच. ज्यांना मिळत नाही तेच असे धागे काढतात. नोकरी करा, देशाची सेवा होईल.

उकडीचे_संवाद

स्पष्टवक्ते, तुमच्यासारखा एक काका प्रत्येक सिरीयलमधे असतो, त्याचा पण ट्रॅक संपतो.

हवालदार भाऊ, मी बाई असल्यामुळं माझं थोडं वेगळं आहे पण लिहिते. १४ वर्षं झाली, मोठ्या बहिणीचे, वहिनीचे, नर्सचे रोल करते. सलग काम असं या चौदा वर्षांत मोजून साडेचार वर्षं. बाकी साडेनऊ वर्षं म्हणजे तुझा प्रश्न.

माझं वर्ष शाळांच्या कॅलेंडरवर चालतं. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत स्नेहसंमेलनं, शाळेत जाऊन नाच-नाटुकली बसवायची, एका शाळेत ४० पोरांना एकाच वेळी मावळे करायचं आणि प्रत्येकाच्या आईला आपला मावळा पुढच्या रांगेत पाहिजे. एप्रिल-मे उन्हाळी शिबिरं. ह्यात पैसे बरे मिळतात, वेळेवर मिळतात, आणि शूट लागलं तर मैत्रिणीला पाठवता येतं, आमचा चौघींचा तसा ग्रुपच आहे, जिला शूट नाही ती शाळेत. हे अदलाबदलीचं जमवलं म्हणून टिकले नाहीतर नाही. एकट्यानं साईड बिझनेस करू नको, तिसरी घंटा दादा म्हणतात तो पाचचा फोन आला की एकटा माणूस अडकतो.

आता लाजेबद्दल, कारण तू विचारलं नाहीस तरी तुझ्या प्रश्नात ती आहे. २०१८ मधे एक मालिका संपल्यावर मी ठाण्यात एका साडीच्या दुकानात दिवाळीपुरती उभी राहिले होते. तिसऱ्याच दिवशी एक काकू आल्या, पैठण्या उलगडून बघता बघता माझ्याकडं बघायला लागल्या आणि मोठ्यानं, "अहो तुम्ही त्या वहिनी ना? इथे कशा??" सगळं दुकान वळलं. मला तेव्हा जमीन दुभंगली तर बरं असं झालं, मी म्हणाले शूटिंगसाठी रिसर्च करतेय. काकूंनी आनंदानं सेल्फी घेतला, साडी न घेता गेल्या. रात्री ट्रेनमधे रडले. पण चौथ्या दिवशी मालकानंच बाहेर उभं केलं, म्हणाला ताई तुम्ही दारात उभ्या राहा, लोक तुम्हाला बघून आत येतात. आणि रोजचे दोनशे वाढवले. तेव्हापासून कोणी "इथे कशा" विचारलं की मी सांगते, पोटासाठी. लोक गप्प होतात, एखादी बाई खांद्यावर हात पण ठेवते.

मग मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली. शिबिरं बंद, शाळा बंद, शूट बंद. तेव्हा सोसायटीत उकडीचे मोदक विकायला सुरुवात केली. मधे एकदा अर्ध्या क्षमतेवर उघडलं, परत बंद झालं, शेवटी २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं उघडली तरी मी मोदक काही बंद केले नाहीत. आत्ता गणपती तोंडावर आलेत, माझी ऑर्डर वही भरलीय, आणि कालच एका सिरीयलचा चार दिवसांचा फोन आला नेमका चतुर्थीच्या आठवड्यात. नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले, हात थरथरत होते पण मजा आली.

कॉल सेंटर घेऊ नको असं माझं मत. रात्रभर बोलून सकाळी आवाज बसतो आणि डोळ्याखाली काळं येतं, कॅमेऱ्याला दोन्ही चालत नाही.

पाच_पस्तीसची_लोकल

मी इथे नावडता होणार हे माहीत आहे तरी लिहितो. मी बँकेत आहे, २६ वर्षं, आणि तेवढीच वर्षं नाटक करतो. आधी आंतरबँक स्पर्धा, मग प्रायोगिक, मग चार व्यावसायिक, आता अधूनमधून सिरीयलमधे वकील किंवा डॉक्टर. कधीही कोणाकडे उसने मागितले नाहीत.

आपल्याकडे परंपराच ती आहे. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मधे, चाळिशी ओलांडल्यावर. काशिनाथ घाणेकर दाताचे डॉक्टर. निळू फुले पुण्यात एएफएमसीमधे माळीकाम करत होते. मोहन जोशींचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता, स्वतः ट्रक चालवायचे. यातल्या कोणाला नोकरी-धंद्यानं संपवलं? आजची मुलं बारावी झाली की थेट आरामनगरच्या रांगेत.

हवालदार, २४ हजार महिन्याच्या महिन्याला मिळत असतील तर घे. वर्षभर कर, सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाक, मग सोड.

दोन कामाच्या गोष्टी. एक, तो १० टक्के टीडीएस कापला जातो तो तुझा पैसा आहे, तुझं उत्पन्न एवढं कमी असताना बहुतेक सगळा परत मिळेल, पण रिटर्न भरलास तर. किती नट भरत नाहीत बघून मला रडू येतं. आणि आयकराच्या साइटवर २६एएस, म्हणजे कापलेल्या टॅक्सचा उतारा, उघडून बघ की कापलेला टीडीएस खरंच तुझ्या पॅनवर जमा झालाय का, कापून न भरणारे महाभाग असतात. दोन, सेटवर रोज व्हाउचरवर सही करतोस ना, तिचा मोबाईलवर फोटो काढत जा. सिंटाचं, म्हणजे नटांच्या संघटनेचं, कार्ड असेल तर थकलेल्या पैशाची तक्रार तिथे करता येते, पण हातात कागद पाहिजे.

मिशीबद्दल: बँकेच्या भाषेत सांगायचं तर तुझी मालमत्ता ते फुकट गहाण ठेवून घेतायत. भाडं माग.

तिसरी_घंटा

पाच पस्तीस साहेब, मान आहे तुमच्याबद्दल, पण ही यादी दर वेळी निघते आणि दर वेळी मला एकच म्हणायचं असतं. ती नोकरी आता आहे कुठे? तुमच्या वेळी बँका, गिरण्या, सरकारी ऑफिसं स्वतः नाटक बसवायची, स्पर्धेला रजा मिळायची, साहेबच नाटकात राजा असायचा, तालमीला सहाला सगळे हजर. तुमची पाच पस्तीसची लोकल होती हो. आज माझा पुतण्या प्रायव्हेट बँकेत आहे, त्याची नऊ चाळीसची आहे, आणि शनिवारी टार्गेट. शिवाय तेव्हा प्रयोग रात्री आणि रविवारी, नोकरी दिवसा, दोन्हीची गाठ पडत नव्हती. सिरीयल १२-१२ तास दिवसाच चालते. लागूंना सुद्धा शेवटी एक काहीतरी सोडावंच लागलं ना.

तक्रारीचं आणि टीडीएसचं मात्र शंभर टक्के.

पाच_पस्तीसची_लोकल

साहेब राजा असायचा हे खरं आहे. आणि वाईट करायचा. आम्ही प्रमोशनसाठी टाळ्या वाजवायचो. नऊ चाळीसचं मान्य.

पेटारा_डोक्यार

कुडाळसून लिवतंय. हवालदारा, तुझ्या मिशीचा वाचून हसाक इला.

सगळ्यांना समजावं म्हणून आता शुद्ध लिहितो. तुम्ही मुंबईवाले "दोन कामांच्या मधे" म्हणता ते आमच्या दशावतारात प्रत्येकाला माहीत असलेलं गणित आहे, कारण ते मधलं कधी येणार ते पंचांगातच लिहिलेलं असतं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कंपनी बाहेर पडते, आज ह्या गावच्या देवळात उद्या त्या गावच्या, ते पावसाच्या तोंडापर्यंत. पाऊस लागला की नट शेतात. माझे चुलते राजपार्टी, म्हणजे राजाचं काम, करायचे, रात्री मुकुट घालून इंद्राला दम द्यायचे आणि जून-जुलैत चिखलात तरवा लावायला. आमच्याकडं म्हणच आहे, राती राजा, सकाळी डोक्यार बोजा. बोजा म्हणजे तो पेटारा, कपडेपट आणि गणपतीची पूजा असलेला, पूर्वी डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालत जायचे. आता टेम्पो आहे.

आमच्या वाडीतला एक जण जो स्त्रीपार्ट करतो (आणि काय करतो! लुगडं नेसून उभा राहिला की बायका डोळे पुसतात) तो श्रावणात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, बसतो, मूर्तींची आखणी, डोळे उघडणं त्याच्याकडं. दुसरा रिक्षा चालवतो, तिसऱ्याचे चार काजू-आंबे आहेत. कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही, रिक्षात बसलेला माणूस उलट विचारतो काल संकासूर कोण होता रे.

पण सगळं गोड नाही सांगत. रात्रभर जागरण, वर्षानुवर्षं, पोटाचे आणि घशाचे हाल होतात. संहिता लिहिलेली नसते, आख्यान सांगितलं की संवाद जागेवर उभे करायचे, ते वय झाल्यावर सुचेनासे होतात. आणि नाईट म्हणाल तर ती पण काय सोन्याची नाही. माझं एवढंच म्हणणं की तुमच्या धंद्यात सीझन नाही हा घोळ आहे. वर्षभर तयार राहायचं आणि वर्षभर मोकळं राहायचं, हे शेतकऱ्याला पण जमत नाही.

नारायणगाव_बायपास

पेटारा भाऊ, तमाशात याच्या पण पुढचं. इथं पैसे ९० दिवसांनी नाही, आधी. सीझनच्या तोंडावर कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, पावसाळ्यात घर चाललेलं असतं उधारीवर ती त्यातनं फेडतो, मग दसऱ्यापासून उन्हाळ्यातल्या यात्रा संपेपर्यंत नाचून-गाऊन उचल फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच फडात. चैत्रात आमच्या नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी देऊन जातात, बाहेरून बघायला लय भारी वाटतं. आत राहुटीत बसलेल्या बाईला विचारा, ती सांगेल किती फिटली आणि किती राहिली.

हवालदार_नं_२

बाप रे. एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

पाच पस्तीस काका, २६एएस उघडलं. एका जुन्या एपिसोडिकचा टीडीएस जमाच नाहीये, कापलाय मात्र. मेल टाकलाय. मिशीचं भाडं मागितलं खरंच, फोनवर हसले आणि म्हणाले तू कॉमेडी का करत नाहीस.

उकडीचे ताई, ते साडीचं दुकान वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मी मागच्या आठवड्यात डी मार्टमधे ओळखीचा एक ज्युनियर बिलिंगला बघितला आणि दुसऱ्या रांगेत गेलो, त्याला लाज वाटू नये म्हणून. आता वाटतंय लाज माझी होती.

तिसरी घंटा दादा, क्राउडसाठी कोणाला भेटायचं ते मेसेज कराल का. कॉल सेंटरवाल्याला सोमवारपर्यंत सांगायचंय.

वडसा_रोड

थांब बे सोमवारपर्यंत. कॉल सेंटरला काऊन जातं? इकडं ये.

झाडीपट्टी ऐकलं असशील. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळी झाली, धान घरात आला, लोकांच्या हातात पैसा आला की नाटकं सुरू, होळीपर्यंत. गावात मंडई म्हणजे जत्रा असते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असते, पाहुणे येतात आणि रात्री नाटक. देसाईगंज वडसाला सगळ्या कंपन्यांची ऑफिसं, गावचे मंडळवाले येऊन पोस्टर बघून नाटक ठरवतात. तिकीट लावून होतं बरं का सगळं, फुकट नाही, आणि पब्लिक हजारात. २०२३ ला आमच्या परशुराम खुणे सरांना पद्मश्री मिळाली तेव्हा तुमच्या मुंबईच्या लोकांनी नकाशात शोधलं आम्हाला, पण तिकडचे टीव्हीवरचे नट त्याच्या कितीतरी आधीपासून सीझनला येतात, पोस्टरवर "सिनेस्टार" लिहून. तू हवालदार असला तरी आमच्या पोस्टरवर सिनेस्टारच.

आता खरं सांगतो, सोपं नाही. नाटक रात्री दहाच्या पुढं उभं राहते ते उजाडेपर्यंत, मधे गाणी, लावणी, कॉमेडी सगळं. सकाळी गाडीत झोप, दुपारी दुसऱ्या गावात जेवण, रात्री परत. प्रॉम्प्टर असते, त्याचा आवाज ऐकत बोलायची सवय लागेपर्यंत दोन-चार नाईट फजिती होते. आवाज मोठा पाहिजे, तुमचं ते डोळ्यांनी बोलणं मागच्या बाजल्यावर बसलेल्या आजीला दिसत नाही. पण नाईटचे पैसे नाईटला, राहणं-खाणं कंपनीचं, आणि खर्च करायला जागाच नाही म्हणून पैसा उरते. इथले आमचे नट होळीनंतर कोणी शेती, कोणी शाळेत शिक्षक, कोणाचं किराणा दुकान. पेटारा भाऊंसारखंच.

फोटो पाठव मेसेजमधे. आणि मिशी काढू नको! खलनायक पाटलाला पाहिजेच असते ती.

उकडीचे_संवाद

अखेर मिशीला काम लागलं!!

पण हवालदार, एक विचारून घे, मधेच सिरीयलचा ट्रॅक परत आला तर काय. तिकडे सीझन अर्धवट सोडून आलास तर परत कोणी बोलावणार नाही.

वडसा_रोड

बरोबर बोलल्या ताई. पोस्टरवर फोटो लागला की सीझन पूर्ण करा लागते. पोस्टर पाहून गावानं नाटक ठरवलं असते ना, माणूस बदलला तर गाव पैसे देत नाही, भांडण होते.

तिसरी_घंटा

मी २०११ ला एक सीझन केलाय तिकडे. तीन किलो उतरलो आणि आवाज दुप्पट झाला. ताईंचा प्रश्न बरोबर आहे पण माझं मत जा. 'ट्रॅक परत येऊ शकतो' या वाक्यावर मी स्वतः २०१४ चं अख्खं वर्ष घालवलंय, दाढी वाढवून.

क्राउडचा नंबर मेसेज केलाय. जायच्या आधीचे दोन महिने ते कर.

हवालदार_नं_२

अपडेट, कारण दोघातिघांनी मेसेज करून विचारलं.

कॉल सेंटरला नाही म्हणलं. क्राउड डबिंग आत्तापर्यंत पाच वेळा झालं, काल पहिल्यांदा वेगळी ओळ मिळाली, "साहेब, गाडी तयार आहे". चार टेक लागले, ओठ मिटले तरी माझा "आहे" शिल्लक राहत होता. बाकी दिवशी उकडीच्या ताईंकडे मोदकांची डिलिव्हरी केली गणपतीत, ठाणे ते मुलुंड, मला ओळखलं एका आजोबांनी, मी पण सांगितलं पोटासाठी. आजोबांनी वीस रुपये टीप दिली.

वडसाला फोटो पाठवला होता, परवा पोस्टर आलंय. माझं नाव चुकलंय पण अक्षरं मोठी आहेत. मेचे पैसे पण आले एकदाचे.

आईला फोन केला, ती म्हणाली टीव्हीवर परत कधी दिसणार. म्हणलं दिवाळीनंतर गडचिरोलीत. तर म्हणे ते किती नंबरला लागतं, आपल्या डिशवर येतंय का बघायला सांगते तुझ्या बापाला.

वडसा_रोड

नाव सांग बरोबर काय ते, पुढच्या छपाईत करून घेऊ.

स्वेटर आण. कानटोपी पण. डिसेंबरात पहाटेच्या अंकाला दात वाजतात, आणि पाटलाचे दात वाजले तर पब्लिक हसते.